हॅम लायसन: रिस्ट्रिक्टेड का जनरल, आणि क्लब आधी का परीक्षा आधी?

हॅम रेडिओचं (हौस म्हणून स्वतःच्या सेटवरून इतरांशी बोलायचं) लायसन काढायचंय म्हणणारा जो कोणी भेटतो तो फिरून फिरून हेच दोन प्रश्न विचारतो, त्यामुळे एकदाच नीट लिहून ठेवतोय. माझं मत आधीच सांगतो. रोज अर्धा तास असे तीन महिने देता येणार असतील तर सरळ जनरल या वरच्या ग्रेडला बसा, आणि नोकरी-घर-पोरं यात ते जमणार नसेल तर रिस्ट्रिक्टेड ही खालची ग्रेड देऊन टाका, मोर्स (टिंब-रेषांची सांकेतिक भाषा) शिकून होईल मग बघू म्हणत वर्षं घालवू नका. ग्रेड कुठलीही घ्या, क्लबच्या लोकांना मात्र फॉर्म भरायच्या आधीच भेटा.

आता फरक. आपल्याकडे दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखा ही परीक्षा घेते, अर्ज सरल संचार पोर्टलवर, वयाची अट फक्त १२ पूर्ण, म्हणजे सातवीतलं पोरगंसुद्धा बसू शकतं. पेपरात दोन भाग, एक रेडिओ थिअरी (ओहमचा नियम, ट्रान्झिस्टर, अँटेना, मॉड्युलेशन) आणि दुसरा नियम-कायदे, त्यात क्यू कोड (क्यूने सुरू होणारे तीन अक्षरी संकेत) आणि अक्षरं सांगायचं अल्फा-ब्राव्हो-चार्ली आलंच. रिस्ट्रिक्टेडचा पेपर एक तासाचा, दोन्ही भागांत ४० टक्के आणि एकूण ५० लागतात. जनरलचा दोन तासांचा, तिथे ५० आणि ५५. बारावी सायन्स झालेल्याला थिअरी जड नाही, आणि कॉमर्स-आर्ट्सवाल्यांनीही घाबरू नका, दोन महिन्यांत होते. नियमांचा भाग सोपा म्हणून लोक शेवटच्या रात्रीवर ठेवतात आणि तिथेच मार्क घालवतात.

खरा फरक मोर्सचा. रिस्ट्रिक्टेडला मोर्स नाही, जनरलला मिनिटाला ८ शब्द ऐकून उतरवून घेताही यायला पाहिजेत आणि कीवर (मोर्स वाजवायच्या बटणावर) पाठवताही. ८ शब्द म्हणजे ४० अक्षरं, म्हणजे एका अक्षराला दीड सेकंद. मी पहिल्यांदा घरी एकट्याने टिंब-रेषांचा तक्ता पाठ केला, भिंतीवर चिकटवून, आणि परीक्षेत घेताना पडलो, कारण कानात आवाज आला की डोक्यात आधी तक्ता उघडायचा, त्यात अक्षर शोधायचं, तोवर पुढची दोन निघून गेलेली. नंतर क्लबातल्या एका काकांनी सांगितलं की अरे, तबल्याचे बोल कागदावर बघून शिकतात का, तोंडाने म्हणून शिकतात ना, तसंच हे. के म्हणजे डा-डि-डा, आर म्हणजे डि-डा-डिट, आवाज म्हणजेच अक्षर, मध्ये टिंब नाही रेषा नाही. रोज दोन नवी अक्षरं, जुनी सगळी परत, आणि अक्षर पहिल्यापासून वेगातच ऐकायचं, फक्त दोन अक्षरांमधली जागा मोठी ठेवायची. सव्वादोन महिन्यांत बसलं. म्हणून सांगतो, मोर्सचा बाऊ करू नका पण एकट्याने तक्ता घेऊनही बसू नका.

मिळतं काय? रिस्ट्रिक्टेडला व्हीयू३ने सुरू होणारा कॉलसाईन (हवेवर तुमची ओळख सांगणारी अक्षरं-आकडे), जनरलला व्हीयू२. लांब पल्ल्याच्या एचएफ बँडवर रिस्ट्रिक्टेडला ५० वॉट, जनरलला ४०० वॉट. आकडे बघून वाटेल की ५० वॉट म्हणजे काहीच नाही, तर तसं अजिबात नाहीये. ७ मेगाहर्ट्झवर दिवसा बऱ्या अँटेनावर ५० वॉटमध्ये पुण्यातून हैदराबाद-बंगळुरू आरामात होतं, आणि आपल्याकडे कितीतरी जण हैदराबादच्या अशर फरहान यांच्या डिझाइनचे बिटएक्स सेट स्वतः जोडून पाच-दहा वॉटवरच बोलत असतात. वॉटपेक्षा अँटेना महत्त्वाची, हे जो येईल त्याला मी सांगतो आणि तरी लोक आधी मोठा सेटच शोधतात! पण ज्यांना लांबच्या देशांशी डीएक्स करायचंय, मोर्सवरच क्यूएसओ (दुसऱ्या हॅमशी संपर्क) करायची हौस आहे, त्यांना जनरलशिवाय समाधान नाही, आणि नंतर अपग्रेड करायचं म्हणजे परत अर्ज, परत परीक्षेची तारीख, परत वाट बघणं. वेळ असेल तर एकदाच करा म्हणतो ते याच्यासाठी.

परीक्षा केंद्रांचं म्हणाल तर मुंबईत बोरिवलीला गोराईचं मॉनिटरिंग स्टेशन आहे, विदर्भवाल्यांना नागपूर आहे. तारखा आणि फी अर्ज करताना पोर्टलवरच बघा, कुणी सांगितलं म्हणून धरून चालू नका.

आता क्लब. एकट्याने अभ्यास होतो का? पेपरपुरता होतो, प्रश्नसंच मिळतात, व्हिडिओ आहेत. पण एसडब्ल्यूआर (अँटेना सेटशी किती जुळली ते सांगणारा आकडा) म्हणजे काय हे वाचून कळणं वेगळं आणि कुणाच्या तरी गच्चीवर डायपोलची (दोन सारख्या वायरींच्या अँटेनाची) वायर चार-चार इंच कापत मीटरचा काटा खाली येताना बघणं वेगळं, आणि माईक हातात घेतल्यावर पहिल्यांदा तोंडातून शब्द फुटत नाही ते तर कुठल्याच व्हिडिओत नसतं. लायसनवाला हॅम शेजारी बसलेला असला की हे सगळं एका रविवारात होतं. मुंबईत मुंबई अमॅच्युअर रेडिओ सोसायटी आहे, देशपातळीवर १९५४ सालची अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया आहे (क्यूएसएल कार्डं, म्हणजे संपर्क झाल्याची पोचपावती, ब्युरोतून पाठवायची असतील तर तिची मेंबरशिप कामाची), हैदराबादला एनआयएआर (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ) १९८३ पासून शिकवतंय. तुमच्या गावात काहीच नसेल तर जवळच्या इंजिनीअरिंग कॉलेजात विचारा, इलेक्ट्रॉनिक्सच्या एखाद्या जुन्या सरांकडे हमखास कॉलसाईन निघतो.

क्लब निवडताना मी एकच बघतो, तिथे नवीन माणसाला सेटपाशी बसू देतात का. काही ठिकाणी फक्त चहा, फोटो आणि सत्कार चालतात, तिथे वर्गणी भरून तुम्ही काही शिकणार नाही. याउलट जिथे महिन्याला एकदा तरी डोंगरावर बॅटरी आणि वायर घेऊन जातात, आपत्तीची रंगीत तालीम करतात, तो क्लब लांब असला तरी धरा. २००१ च्या भूज भूकंपात फोन बंद पडल्यावर हॅम लोकांनी निरोप पोचवले ते आधी असा सराव होता म्हणूनच.

आणि एक कळकळीने सांगायचंय, लायसन हातात यायच्या आधी ऑनलाइन स्वस्तातली हँडी (हातातला वॉकीटॉकी) मागवू नका. बिनलायसनचा ट्रान्समीटर जवळ ठेवणं हा गुन्हा आहे, आणि २०२५ मध्ये अशा वॉकीटॉकीच्या ऑनलाइन विक्रीवर केंद्राने नियम कडक केलेत. शिवाय हँडी समोरासमोर आणि रिपीटरपुरती (उंचावर बसून आवाज पुढे पाठवणारं स्टेशन), पुढे डोंगर आला की संपलं. तोवर ऐका, वेबएसडीआर (इंटरनेटवरून ऐकायचा रेडिओ) ब्राउझरमध्ये उघडतं, त्याला काही विकत घ्यायला लागत नाही.

पास झाल्यावरही लायसन यायला वेळ लागतो, पोलीस पडताळणी वगैरे असते. तो वेळ फुकट घालवू नका. राहत्या इमारतीच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला गच्चीवर ४० मीटर बँडचा (म्हणजे वरच्या ७ मेगाहर्ट्झचाच) डायपोल लावायची लेखी परवानगी आत्ताच मागा, त्याला एकूण साधारण २० मीटर वायर लागते, पाण्याच्या टाकीपासून दोन्ही बाजूंना उतरती बांधली की बसते, आणि विजेपासून संरक्षणाला अर्थिंग कसं करणार ते अर्जातच लिहा, नकार बहुतेक वेळा तिथूनच येतो.