पत्र्याच्या छपराचा ठेकेदार निवडताना: नाशिकच्या इंदिरानगरातील 16 महिन्यांचा अनुभव

आमच्या घराच्या गच्चीवर 720 चौरस फुटांचे पत्र्याचे छप्पर आहे आणि ते आम्हाला सव्वादोन वर्षांत दोनदा करून घ्यावे लागले. पहिले मार्च 2022 मध्ये झाले, दुसरे जून 2024 च्या पहिल्या आठवड्यात. रंगीत पत्रा, त्याचे प्रकार आणि चौरस फुटाचे दर यांची माहिती बहुतेकांना असते, म्हणून ती पुन्हा देत नाही. मला सांगायचे आहे ते ठेकेदाराच्या निवडीबद्दल, आणि त्यातही स्क्रूखालच्या एका रबरी वायसरबद्दल, कारण आमचे सगळे नुकसान त्या बोटाच्या पेराएवढ्या वस्तूपासून सुरू झाले.

पहिल्या ठेकेदाराचा दर चौरस फुटाला 165 रुपये होता, म्हणजे एकूण 1,18,800 रुपये. आलेल्या दरांत तो सर्वांत कमी होता आणि आम्ही तेवढ्यावरच निर्णय घेतला. पहिल्या पावसाळ्यात दोन ठिकाणी पाणी ठिबकले, दुसऱ्या पावसाळ्यात सात ठिकाणी. मे 2024 मध्ये एका संध्याकाळी वावधन सुटले आणि पश्चिमेकडच्या कडेचे दोन पत्रे उचलले जाऊन रात्रभर आपटत राहिले. खाली कुणाच्या अंगावर पडतील या धास्तीने आम्ही दोघे जागेच होतो. सकाळी वर जाऊन पाहिले तर स्क्रू पर्लिनमध्ये, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांत, जागच्या जागी घट्ट होते, पण पत्रा मात्र भोकाशी फाटून स्क्रूच्या डोक्यावरून निघून आला होता. मी चार-पाच वायसर गोळा केले. रबर लाकडासारखे कडक झाले होते, त्याला आरपार भेगा गेल्या होत्या आणि नखाने दाबताच त्याचा काळा भुगा तळहातावर उरला.

पहिल्या ठेकेदाराला अकरा वेळा फोन केला. बाराव्या वेळी त्याने उचलला आणि "काकू, वाऱ्याची गॅरंटी कुणी देत नाही" असे सांगितले. हे उत्तर मला आजही मान्य नाही. इमारतींवरील वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक, म्हणजे आयएस 875 चा तिसरा भाग, नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरतो, म्हणजे ताशी सुमारे 140 किलोमीटर. नाशिकमध्ये छप्पर बांधणाऱ्याने तेवढा वारा गृहीत धरायचा असतो. वारा पत्र्यावरून वेगाने वाहतो तेव्हा तो पत्रा वर ओढतो आणि ही ओढ कडांना व कोपऱ्यांना सर्वाधिक असते, त्यामुळे तेथे स्क्रू दाट लावावे लागतात. आमच्या कडेला ते उलट विरळ होते.

आता वायसर. सेल्फ ड्रिलिंग स्क्रूच्या डोक्याखाली धातूची चकती आणि तिच्याखाली रबर असते. ते रबर ईपीडीएमचे, म्हणजे एका टिकाऊ कृत्रिम रबराचे, असेल तर ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन यांना चांगले तोंड देते. साधे रबर उन्हाने कडक होऊन फुटते. शिवाय पत्रा स्थिर नसतो. वीस फुटांचा पत्रा दुपारी तापून रात्री 40 अंशांनी थंड झाला, तर त्याची लांबी सुमारे तीन मिलिमीटर बदलते, आणि ही रोजची हालचाल वायसरलाच सोसावी लागते. आमच्या छपराला सुमारे 400 स्क्रू लागतात. चांगल्या आणि हलक्या स्क्रूच्या दरात नगामागे तीन रुपयांचा फरक निघाला, म्हणजे सगळे मिळून 1,200 रुपये. एवढ्या रकमेसाठी आमच्या वरच्या खोलीचे पीओपी दोनदा खराब झाले. चाळीस वर्षे घरखर्चाचा हिशेब लिहिणाऱ्या माझ्यासारखीला हा आकडा विसरता येत नाही.

दुसऱ्या वेळी तिघांना बोलावले. एकाने मोबाइलवरचे फोटो पाहून जागेवर न येताच चौरस फुटाला 110 रुपये दर दिला. दुसऱ्याने पुन्हा फोन केला नाही. तिसऱ्याने फोनवर दर सांगण्यास नकार दिला, तेव्हा मला तो आढ्यताखोर वाटला आणि त्याला न बोलावण्याचा विचारही मनात आला. तो आला तो टेप, लेव्हल पाइप आणि मायक्रोमीटर घेऊन. फाटलेल्या पत्र्याचा तुकडा त्याने मोजला, तेव्हा बिलात 0.50 मिलिमीटर लिहिलेला पत्रा 0.38 भरला. महापालिकेची परवानगी आहे का, हेही त्यानेच पहिल्यांदा विचारले. त्याने पाथर्डी फाट्याजवळ तीन वर्षांपूर्वी केलेले एक छप्पर आम्ही त्याला न घेता जाऊन पाहिले आणि घरमालकीणबाईंशी पाऊण तास बोललो. ठेकेदाराने निवडून दाखवलेल्या नव्या कामापेक्षा तीन पावसाळे काढलेले काम पाहणे मला फार उपयोगाचे वाटले.

त्याचा दर होता 135 रुपये. खांब आणि कैच्या (छपराचा भार पेलणारे त्रिकोणी सांगाडे) जुन्याच ठेवायच्या, पर्लिनमधील अंतर पाच फुटांवरून चार फुटांवर आणायचे आणि पत्रे सगळे नवे घालायचे, असे काम ठरले. 110 च्या तुलनेत 18,000 रुपये जास्त जाणार होते आणि यांना ते पटवायला मला तीन दिवस लागले. कोटेशनमध्ये पत्र्याची जाडी, लेपाचे प्रमाण, पर्लिनचे अंतर आणि ईपीडीएम वायसरचे स्क्रू हे शब्दांत लिहून घेतले. एकूण 97,200 रुपयांपैकी 10 टक्के, म्हणजे 9,720 रुपये, पहिला पावसाळा संपल्यावर द्यायचे ठरले आणि त्याने एका शब्दानेही कुरकुर केली नाही. काम चालू असताना त्याने मला एक स्क्रू बसवून दाखवला. वायसर चकतीच्या कडेबाहेर किंचित फुगलेला दिसला की थांबायचे. त्याहून आवळला तर रबर चिरडते, सैल राहिला तर पाणी शिरते. संध्याकाळी त्याच्या मुलाने ड्रिलचा सगळा कीस झाडून घेतला, कारण तो तसाच राहिला तर गंजून पत्र्यावर डाग धरतो.

जुलै 2024 मध्ये पुन्हा पाणी ठिबकले. माझा संताप झाला, हाही तसलाच निघाला असे वाटले आणि मी फोनवर त्याला नको ते बोलले. तिसऱ्या दिवशी पाऊस उघडताच तो आला. त्याने नळीने आधी खालच्या कडेला, मग थोडे वर, असे टप्प्याटप्प्याने पाणी सोडले आणि प्रत्येक टप्प्याला वीस मिनिटे थांबला. गळती स्क्रूंतून नव्हतीच. पाण्याच्या टाकीच्या भिंतीला पत्रा भिडतो तेथली पट्टी फक्त सिलिकॉनने चिकटवलेली होती. "काकू, ही माझी चूक आहे," असे तो सरळ म्हणाला. त्याने प्लास्टरमध्ये खाच पाडली, पट्टीची कड आत दुमडून बसवली आणि पैसे घेतले नाहीत. त्या दिवसापासून त्याच्याबद्दलचे माझे मत बदलले. उरलेले 9,720 रुपये मी ऑक्टोबरमध्ये त्याच्या घरी नेऊन दिले.

मे 2025 मधला अवकाळी पाऊस आणि त्यानंतरचा अख्खा पावसाळा या छपराने काढला आहे. वायसर मी दर तीन महिन्यांनी बोटाने दाबून पाहते आणि ते अजून मऊ आहेत. तक्रार एकच उरली आहे. पाणी वाहून नेणाऱ्या कडेच्या पन्हळीचा उतार उत्तर कोपऱ्यात कमी पडतो, तेथे शेजारच्या कडुलिंबाची पाने साचतात आणि जोरदार सरीत पाणी कडेवरून सांडते. दिवाळीनंतर येऊन पन्हळ पुन्हा लेव्हलला घेतो, असे त्याने सांगितले आहे.