अक्कलदाढ काढली, जळगाव: सहा आठवड्यांनंतरचा अनुभव

मी एसटीत वाहक आहे, अमळनेर-जळगाव मार्गावर. तोंड उघडल्याशिवाय माझी ड्युटी होत नाही. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून गाडीत पाय ठेवायला जागा नसते आणि शेवटच्या सीटपर्यंत आवाज पोचवावा लागतो. त्यामुळे दाढेच्या शस्त्रक्रियेनंतर तोंड किती दिवसांत उघडेल, हा माझ्यासाठी पगाराचा प्रश्न होता. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, पण तिथे काय काय झालं ते सगळं लिहिते. अक्कलदाढ काढायला निघालेल्या बाईला मला जे आधी कळायला हवं होतं ते कळावं, एवढ्यासाठी.

आधी चुकलेलं सांगते. खालची डावी अक्कलदाढ आडवी होती, पुढच्या दाढेला टेकलेली. वर हिरडीचा पदर होता, त्यात भाकरीचे कण अडकायचे आणि वर्षातून दोन-तीनदा गाल सुजायचा. ऑक्टोबरमध्ये एका तालुक्याच्या गावी दाताच्या दवाखान्यात गेले. त्यांनी एक्स-रे न काढताच इंजेक्शन दिलं आणि दाढ ओढायला घेतली. पाऊण तासानंतर वरचा अर्धा भाग तुटून आला, मुळं आत राहिली. "आता मोठ्या डॉक्टरांकडे जा" असं सांगून घरी पाठवलं. पैसे पूर्ण घेतले. मला पैशांपेक्षा त्या पाऊण तासाचा राग जास्त आहे, कारण एक फोटो काढला असता तर दाढ आडवी आहे हे दोन मिनिटांत दिसलं असतं.

जळगावच्या सर्जन मॅडमकडे नणंदबाईंनी नेलं. मॅडम फक्त जबड्याच्या शस्त्रक्रिया करतात. बीडीएसची पाच वर्षं आणि त्यावर याच विषयाची एमडीएसची तीन वर्षं. दात भरणं, कवळी बसवणं तिथे होत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी दाढेला हातच लावला नाही. पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढून आणायला लावला, ओपीजी म्हणतात त्याला. गालाला सूज होती म्हणून पाच दिवस गोळ्या दिल्या आणि सूज उतरल्यावर बोलावलं. मला घाई होती, रजा मोजून मिळते. पण मॅडम म्हणाल्या, "ताई, सुजलेल्या जागी भुलीचं इंजेक्शन नीट चढत नाही. तुम्हाला दुखेल आणि मला घाईत काम करावं लागेल."

मग त्यांनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून दाखवला. खालच्या जबड्याच्या हाडातून एक नळी जाते, तिच्यातून खालच्या ओठाची आणि हनुवटीची नस जाते. माझ्या दाढेचं एक मूळ त्या नळीला अगदी लागून होतं. "ओठाचा थोडा भाग काही दिवस, काही आठवडे बधिर राहू शकतो. बहुतेकांचा परत येतो, क्वचित कुणाचा कायम राहतो. हे ऐकून मगच सही करा." सही करताना माझा हात थरथरला. पण आज सांगते, त्या दोन वाक्यांनी मला पुढचे सहा आठवडे तारून नेलं.

मॅडमनी आणखी एक गोष्ट केली, प्लास्टिकची छोटी पट्टी घेऊन माझं तोंड किती उघडतं ते मोजलं. ३८ मिलिमीटर. माझ्या कागदावर लिहून ठेवलं.

शस्त्रक्रिया डिसेंबरमध्ये झाली. वेळ ११ची दिली होती, आत घेतलं पावणेएकला. हे मला पटलं नाही. दुसरा मजला, लिफ्ट नाही, आणि बाहेरच्या बाकावर यावल-चोपड्याकडून आलेली म्हातारी माणसं सुजलेले गाल घेऊन बसलेली. वेळ पाळता येत नसेल तर निदान गावाकडच्या पेशंटला फोन करून उशिरा निघायला सांगावं. मी हे तोंडावर बोलले, सिस्टरने लिहून घेतलं.

आतलं काम मात्र ३५ मिनिटांत झालं. भूल दिल्यावर ओठ आणि अर्धी जीभ जड झाली. मॅडमनी सांगून ठेवलं होतं, दुखलं तर डावा हात वर करा. मी एकदा केला. त्यांनी तिथेच काम थांबवलं, आणखी भूल दिली, पाच मिनिटं थांबल्या. हिरडी उघडली, थोडं हाड घासलं, राहिलेल्या दाढेचे दोन तुकडे करून एकेक काढला. ओढाताण झालीच नाही. मशीनचा आवाज आणि पाण्याचा फवारा, बस. खालचा जबडा एका सिस्टरने तळहाताने सावरून धरला होता, त्यामुळे मान अवघडली नाही. तीन टाके, काळ्या रेशमाचे. ऑक्टोबरमधला पाऊण तास आठवून मला खुर्चीवरच रडू आलं. सिस्टरने डोळे पुसले आणि काही विचारलं नाही.

सूचनांचा कागद छापील इंग्रजीत होता. जळगाव जिल्ह्यात इंग्रजी कागद कोणासाठी छापतात? पण सिस्टर स्वतः बसून अहिराणीत सगळं सांगत होत्या. "आज थुकू नको माय, लाळ गिळी ले." कापसाचा बोळा तासभर दाबून धरायचा. बर्फ बाहेरून गालावर, पहिलाच दिवस, थोडा वेळ लावायचा, थोडा वेळ काढायचा. चूळ पहिल्या दिवशी अजिबात नाही, दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याची, तीही तोंड वाकडं करून सोडून द्यायची, खळखळायची नाही. स्ट्रॉने काही प्यायचं नाही. कारण प्रत्येकाचं सांगितलं: खड्ड्यात रक्ताची गाठ बसते, तिच्यावरच जखम भरते, ओढ लागली की ती निघते आणि आतलं हाड उघडं पडतं. आमच्या डेपोतल्या एका चालकभाऊंचं हेच झालं होतं. दुसऱ्याच दिवशी तंबाखू धरली आणि चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागला, लवंगेच्या औषधाची पट्टी बदलायला आठवडाभर फेऱ्या मारल्या. तंबाखू खाणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचा.

ती रात्र मॅडमनी जळगावातच काढायला सांगितली. रात्री रक्त आलं तर अमळनेरहून यायला दीड-दोन तास जातात. पिंप्राळ्याला नणंदबाईंकडे राहिले. रात्री साडेनऊला दवाखान्यातून फोन आला, रक्त थांबलं का, पाणी पिता येतं का. दुसऱ्या दिवशी धरणगावमार्गे घरी आले. पाळधीच्या पुढे प्रत्येक खड्डा मी जबड्याने मोजला. ज्यांना लांब जायचं आहे त्यांनी मागच्या सीटवर बसू नये.

तिसरा दिवस सगळ्यात वाईट. गाल गच्च, तोंडात एकच बोट जाई. सासूबाई सारख्या विचारत, "आते कसं वाटस तुले?" आणि मला उत्तर देता येत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सूज सर्वात जास्त असते, चौथ्यापासून उतरते, हे आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. आणि तसंच झालं.

खाण्याचं सांगते, कारण त्या इंग्रजी कागदावर सूप आणि दह्याच्या पलीकडे काही नव्हतं. मी मुगाची पातळ खिचडी, मिक्सरमधून काढलेला वरण-भात, ज्वारीची आंबील आणि कुस्करलेलं केळं यावर आठ दिवस काढले. सगळं कोमट, गरम नाही. डिसेंबर म्हणजे आमच्याकडे भरिताचे दिवस. शेतात भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या होत्या, मी गेलेच नाही. वांग्याच्या बिया खड्ड्यात अडकतात आणि हिरवी मिरची तर विचारूच नका. तीन आठवडे भरीत, शेव, शेंगदाणे बंद ठेवले, ते बरंच झालं.

आता नसेबद्दल. भूल उतरली तरी हनुवटीची डावी बाजू बधिर राहिली. चहा प्यायला की थेंब कुठे आहे ते कळायचं नाही. सातव्या दिवशी टाके काढताना मॅडमनी कापूस आणि सुईच्या टोकाने हनुवटीवर थोडं थोडं तपासलं आणि जिथे कळत नव्हतं तिथे पेनाने रेघ ओढली. माझ्या मोबाइलवर फोटो काढायला लावला. रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा भाग. दर आठवड्याला घरी मिस्टर तशीच रेघ ओढत आणि मी फोटो काढे. तिसऱ्या आठवड्यात तिथे मुंग्या यायला लागल्या. मी घाबरून फोन केला, मॅडम म्हणाल्या, "मुंग्या येतायत ना? नस जागी होतेय. चांगलंच आहे." पाचव्या आठवड्यात नखाएवढी जागा उरली होती. गेल्या रविवारी तीही गेली.

तोंड सातव्या दिवशी २२ मिलिमीटर उघडत होतं. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून रोज एक वाढवायची, असा व्यायाम दिला. नवव्या दिवशी ड्युटीवर गेले, पण पहिला आठवडा कंट्रोलरसाहेबांनी लहान मार्ग दिला, त्यांचे आभार. काल मोजलं, ४० भरलं.

खर्च: शस्त्रक्रिया ७,५०० रुपये, त्यात टाके आणि नंतरच्या सगळ्या तपासण्या आल्या. एक्स-रे ५००, तो बाहेर काढावा लागतो. औषधं साडेसहाशेच्या आसपास. ज्यांना हे परवडत नाही त्यांनी धुळ्याच्या दंत महाविद्यालयात चौकशी करावी. आमच्या एका सहकारी बाईंचं काम तिथे कमी खर्चात झालं, वेळ मात्र जास्त लागला.

काल शेवटच्या तपासणीत मी स्वतःच विचारलं, वरची उजवी अक्कलदाढ पण काढून टाकू का, पुन्हा रजा नको. मॅडमनी आरसा धरून बघितलं. म्हणाल्या, ती सरळ आलेली आहे, ब्रश पोचतो, खालच्या दाढेवर नीट बसते, काढायचं कारण नाही. वर्षाने एकदा दाखवून जा. कागदावर पुढची तारीख लिहिली आणि या वेळी सूचनाही मराठीत लिहून दिल्या, हाताने.