बेळगावात लवादाकडे गेलो: मशीनशॉपवाल्याचा अनुभव

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत आमचं मशीनशॉप आहे. कोल्हापूरकडच्या एका गिऱ्हाइकाने रिजेक्शन दाखवून बिलं अडवली. पर्चेस ऑर्डरच्या मागे बारीक अक्षरांत लवादाचं कलम होतं, म्हणजे वाद झाला तर कोर्टाऐवजी एका त्रयस्थाने निवाडा द्यायचा. असं लेखी कलम असलं आणि तुम्ही कोर्टात गेलात, तरी समोरच्याने वेळेत हरकत घेतली की कोर्ट लवादाकडेच पाठवतं. निवाडा होऊन पैसे जमा झाले, म्हणून आता लिहितोय.

‘आमचे संचालक नेमतील तो लवाद’ असं त्या कलमात होतं. हे आता चालत नाही. 1996 च्या लवाद कायद्यात 2015 साली दुरुस्ती झाली, शिवाय 2019 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे: वादात ज्याचा हितसंबंध, त्याने लवाद व्हायचं नाही आणि एकट्याने नेमायचाही नाही. वकिलांनी नोटिशीतच हे मांडलं. समोरचे अडून बसले असते तर हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठात अर्ज करावा लागला असता, पण एका निवृत्त इंजिनिअरच्या नावावर दोघांचं जमलं.

लवाद इंजिनिअर होते, हीच सगळ्यात मोलाची गोष्ट. त्यांनी रिजेक्ट माल टेबलावर मागवला, बोअर गेजने (भोकाचा व्यास मोजायचं साधन) स्वतः मापं घेतली. मापं बरोबर होती. आत ब्लोहोल, म्हणजे धातूत राहिलेल्या हवेच्या पोकळ्या होत्या. मशीनिंगनंतरच उघडे पडणारे हे ओतकामातले दोष, आणि कास्टिंग गिऱ्हाइकानेच पाठवलेलं. कागदावरून हे कुणाला पटवायला किती तारखा गेल्या असत्या!

कामकाजाची भाषा दोन्ही पक्ष ठरवू शकतात. आम्ही मराठी आणि इंग्रजी ठरवली, त्यामुळे आमच्या फोरमनने साक्ष न अडखळता, आपल्या भाषेत दिली. सीमाभागात याची किंमत वेगळी सांगायला नको.

खर्च मात्र झोंबतो. कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतला लवादाच्या फीचा नमुना दर पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला 45,000 रुपये, एकटाच लवाद असेल तर वर 25 टक्के. लहान येणं असेल आणि उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल, तर आधी सूक्ष्म-लघु उद्योगांच्या थकलेल्या बिलांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जा.

दावा-जबाब पूर्ण झाल्यापासून 12 महिन्यांत निवाडा द्यावा लागतो, संमतीने आणखी सहा. त्यावर नेहमीसारखं अपील नसतं. तीन महिन्यांत मोजक्या कारणांवर रद्द करून मागता येतो, पुरावा पुन्हा तपासला जात नाही. तेव्हा लवाद निवडतानाच डोळ्यांत तेल घालून निवडा.

आमच्या नव्या कोटेशनवर आता हे छापतो: ‘लवाद एकच, दोघांच्या संमतीने, ठिकाण बेळगाव, भाषा मराठी व इंग्रजी.’