पद्मिनीला पुढे डिस्क ब्रेक: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

प्रीमियर पद्मिनीला मुळात चारही चाकांना ड्रम. उन्हाळ्यात पुढे डिस्क, बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमने, म्हणजे हवा ओढण्याच्या जोराने, पायाला मदत करणारा डबा) आणि टँडम मास्टर सिलिंडर (पेडलचा जोर ब्रेक ऑइलच्या दोन वेगळ्या लाइनींना देणारा) बसवून घेतला. पाण्यातून गेल्यावर ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढायची, ते थांबलं. घाट उतरताना ब्रेक तापून ढिले पडायचे, तेही गेलं. पण सुरुवातीला पेडल इतकं घट्ट होतं की सिग्नलला गाडी थांबवताना मांडी भरून यायची.

गॅरेजवाल्याचं एकच पालुपद, लाइनमध्ये हवा आहे, परत ब्लीड करू, म्हणजे ती हवा काढून टाकू. अहो, हवा असेल तर पेडल मऊ लागतं, घट्ट नाही! ड्रममधला एक लायनर (ड्रमला आतून घासणारा) फिरत्या ड्रमबरोबर आपोआप आणखी आवळला जातो. डिस्कच्या पॅडला ती सोय नाही, सगळा दाब पायातून नाहीतर बूस्टरमधून यावा लागतो.

घरी तपासायचं असेल तर इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा दाबा, म्हणजे बूस्टरमधला व्हॅक्यूमचा साठा संपतो. मग पाय तसाच दाबून धरून इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली जायला हवं. माझं जागचं हललं नाही, म्हणजे बूस्टरची मदत मिळतच नव्हती.

लक्षण मात्र मजेशीर होतं. हायवेवर पहिला ब्रेक झकास लागायचा, लगेच दुसरा मारला की पेडल दगड. बूस्टरची नळी शोधत गेलो तर ती कारब्युरेटरच्या एका बारीक तोंडाला जोडलेली! ते तोंड थ्रॉटलच्या (अॅक्सिलरेटर दाबला की उघडणाऱ्या झडपेच्या) पट्टीच्या वर. अॅक्सिलरेटर सोडला की तिथला व्हॅक्यूम जवळजवळ शून्य, म्हणजे नेमका ब्रेक मारायच्या वेळी. बूस्टरमध्ये आधी साठलेल्या व्हॅक्यूमवर पहिला ब्रेक भागायचा, इतकंच.

दुसऱ्या मेस्त्रींनी मॅनिफोल्ड (कारब्युरेटरमधून इंजिनात जाणारा पाइप) उतरवून (जागेवर भोक पाडलं तर कीस इंजिनात जातो) तिथून वेगळं कनेक्शन काढलं आणि जाड व्हॅक्यूम होज टाकला. आधीची मऊ नळी गरम झाली की आतून चपटी व्हायची, ते वेगळंच. आता आयडलिंगला व्हॅक्यूमचं गेज १८ इंच (पाऱ्याचे) दाखवतं.

तरी पेडल जरा जडच वाटत होतं, म्हणून २२ मिमी बोअरचा (आतल्या व्यासाचा) मास्टर सिलिंडर काढून १९ मिमीचा लावला. पायाचा जोर तोच ठेवून लाइनमधला दाब साधारण एक तृतीयांशाने वाढला. बदल्यात पेडल जास्त खाली जातं. मागच्या ड्रमचं अॅडजस्टमेंट ढिलं पडलं की हे लगेच जाणवतं, त्यामुळे ते वरचेवर आवळून घ्यावं लागतं.

पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करायची सवय असलेल्यांनी बूस्टर बसवल्यावर ती सोडावी. दोन-तीन ब्रेकमध्ये मदत संपते आणि पेडल पुन्हा घट्ट होतं. कुठलं किट घ्यावं यावर माझं फारसं मत नाही, पण बूस्टरला व्हॅक्यूम कुठून देणार हे विक्रेत्याला सांगता येत नसेल तर पैसे देऊ नका.