महागड्या डिझायनर बॅगा ऑनलाइन विकताना स्वतःला कसं जपावं: ठाणे-वाशीतला काही महिन्यांचा अनुभव

आधी निकाल सांगते. लाखभराच्या आतली वस्तू असेल आणि बिल हाताशी असेल तर ती स्वतः विकावी, समोरासमोर, बँकेच्या शाखेत बसून. त्यावरची असेल तर कमिशन सोसून कन्साइनमेंटवाल्यांकडे, म्हणजे आपली वस्तू ठेवून घेऊन आपल्या वतीने विकणाऱ्या दुकानांकडे द्यावी, पण त्यांच्या फॉर्मवर सगळं लिहून घेतल्याशिवाय बॅग हातातून सोडू नये. दोन्हीकडे नियम एकच: पैसे किती आले हे बघण्याआधी ते कोणाच्या खात्यातून आले हे बघायचं. खरेदीदारांबद्दल सावध करणारं खूप लिहिलं जातं, पण या शेवटच्या गोष्टीवर पुरेसं बोललं जात नाही, म्हणून तिच्यावर जास्त लिहिणार आहे.

माझी मावसबहीण बरीच वर्षं सिंगापूरला नोकरी करून कायमची परतली, आता नेरुळला असते. तिथे असताना तिने हौसेने घेतलेल्या लुई व्हिताँ, शनेल आणि गुच्चीच्या बॅगा आणि एक ओमेगाचं घड्याळ कपाटात पडून होतं. "ताई, तूच बघ ना, मला अनोळखी लोकांशी घासाघीस जमत नाही," असं ती म्हणाली आणि गणपतीनंतर मी हे काम अंगावर घेतलं. मी नौपाड्यात राहते. बॅगा जवळजवळ सगळ्या गेल्या. काही क्लासिफाइड अॅपवरून थेट, काही कन्साइनमेंटमधून.

जाहिरात टाकण्याआधीची तयारी सगळ्यात जास्त उपयोगी पडली. प्रत्येक वस्तूची एक फाइल केली: बिल, ते ज्या कार्डावर झालं त्याचं स्टेटमेंट, डस्ट बॅग (बॅग ठेवायची कापडी पिशवी), डबा, आणि बहिणीचा जुना फोटो ज्यात ती तीच बॅग घेऊन उभी आहे. त्या जोडीला बॅगेची ओळख शिकून घेतली, कारण हल्ली खरेदीदार व्हिडिओ बघून येतात आणि अर्धवट माहितीवर "हे फर्स्ट कॉपी वाटतंय", म्हणजे हुबेहूब नक्कल वाटतेय, म्हणून किंमत पाडतात. लुई व्हिताँच्या बॅगेत २०२१ पर्यंत डेट कोड, म्हणजे बॅग कधी बनली ते सांगणारा छापील कोड असायचा, त्यानंतर त्याची जागा आतल्या चिपने घेतली. म्हणजे नव्या बॅगेत कोड दिसला नाही तर ती खोटी ठरत नाही. जुना कोड वाचायची रीतही सोपी आहे. २००७ पासूनच्या कोडमध्ये दोन अक्षरं आणि चार आकडे असतात. पहिला आणि तिसरा आकडा मिळून आठवडा, दुसरा आणि चौथा मिळून वर्ष. ११२८ म्हणजे २०१८ चा बारावा आठवडा. बिलाची तारीख त्यानंतरची हवी. आमच्या बॅगेत हे जुळत होतं, आणि खरेदीदाराला तिथल्या तिथे दाखवल्यावर त्याचा सूर बदलला. शनेलचंही तसंच: आधी होलोग्रामचं स्टिकर आणि कार्ड यायचं, २०२१ पासून धातूची छोटी पट्टी आणि चिप. लुई व्हिताँ बॅगेसोबत ऑथेंटिसिटी कार्ड देत नाही, त्यामुळे "कार्ड कुठे आहे?" असा हट्ट धरणाऱ्याला हे शांतपणे सांगायचं.

ही फाइल फक्त भाव टिकवण्यासाठी नाही. ट्रेड मार्क्स कायदा, १९९९ च्या कलम १०४ खाली खोटा ब्रँड लावलेली वस्तू विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. त्याच कलमात विक्रेत्याचा बचावही दिला आहे: आपण योग्य काळजी घेतली होती, संशयाला कारण नव्हतं आणि वस्तू कुठून आली ते विचारल्यावर सांगितलं, हे त्याला दाखवता यायला हवं. हे दाखवायला कागदच लागतात. भेट म्हणून आलेली, बिल नसलेली बॅग असेल तर आधी तपासून घ्यावी. एन्ट्रुपीसारखी यंत्रं चामड्याचे आणि शिक्क्यांचे सूक्ष्मदर्शी फोटो घेऊन तपासतात आणि प्रमाणपत्र देतात. अशी तपासणी करून देणारे व्यावसायिक मुंबईत आहेत. गुच्चीच्या एका बॅगेचं बिल बहिणीला मिळेना, तिच्यासाठी मी हा खर्च केला आणि तो वसूल झाला.

फोटो दिवसाच्या उजेडात, साध्या चादरीवर काढले. घराची खिडकी, देवघर, मुलांचे फोटो मागे येऊ द्यायचे नाहीत. प्रत्येक फोटोत हाताने लिहिलेली तारखेची चिठ्ठी ठेवली, म्हणजे कोणी ते उचलून स्वतःची जाहिरात केली तर उघडं पडतं. सिरीयल नंबर आणि घड्याळाच्या वॉरंटी कार्डावरचा क्रमांक जाहिरातीत कधीच दाखवू नये. खरे क्रमांक नकली मालावर छापले जातात. बिलाचा फोटो देताना नाव, पत्ता, कार्डाचे शेवटचे आकडे झाकले. ओरखडे मात्र लपवले नाहीत. कोपरा घासलेला असेल तर त्याचा जवळून वेगळा फोटो आणि वर्णनात एक ओळ. नंतर "हे सांगितलं नव्हतं" म्हणायला जागाच उरली नाही.

अॅपवर जाहिरात टाकली की पहिल्या तासाभरात येणारे बहुतेक मेसेज फसवणुकीचे असतात. "मी सैन्यात आहे, पोस्टिंगवर आहे, माझा माणूस घेऊन जाईल, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील." युपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन लागत नाही आणि क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही, एवढं पक्कं डोक्यात असलं की हा विषय संपतो. एका व्यक्तीने दुसरीला पैशाची रिक्वेस्ट पाठवण्याची सोय नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केली, तो एक मार्ग बुजला. आता खोटे स्क्रीनशॉट आणि बँकेच्या नावाने बनवलेले खोटे एसएमएस जास्त येतात. खात्यात रक्कम स्वतःच्या बँकेच्या अॅपमध्ये दिसेपर्यंत काही आलेलं नाही, असंच धरायचं.

आता मुख्य गोष्ट. पैसे खरोखर आले, खात्यात दिसले, बॅग दिली, आणि तरीही तुम्ही अडकू शकता. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी आपला महागडा कॅमेरा असाच विकला. पैसे पूर्ण आले. काही आठवड्यांनी त्यांच्या खात्यावर तेवढ्या रकमेचा लीन लागला, म्हणजे तेवढे पैसे बँकेने अडवून ठेवले. खरेदीदाराने तिसऱ्याच कोणाला तरी फसवून त्याच्या खात्यातून परस्पर काकांना पैसे पाठवले होते. फसलेल्या त्या माणसाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली आणि पैशाचा माग काढत परराज्यातल्या पोलिसांचं पत्र काकांच्या बँकेत आलं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ प्रमाणे चोरीच्या संशयातली मालमत्ता जप्त करायचा अधिकार पोलिसांना आहे, आणि त्याच्या आधारे खात्यातली रक्कमही अडवली जाते. काका पूर्ण निर्दोष, पण ते सिद्ध करायला त्यांच्याकडे खरेदीदाराचं फक्त पहिलं नाव आणि बंद पडलेला फोन नंबर होता. मला याचा फार राग येतो, कारण प्रामाणिकपणे विकणाऱ्या माणसाला हे कोणी आधी सांगत नाही.

म्हणून मी अट घातली: खरेदीदाराचं ओळखपत्र बघणार, आणि पैसे त्याच नावाच्या खात्यातून घेणार. कल्याणहून एक गृहस्थ मुलीसाठी शनेल घ्यायला आले. बॅग आवडली, भाव ठरला, आणि म्हणाले भाच्याच्या फर्मच्या खात्यातून पाठवतो. मी नाही म्हटलं. "ताई, पैसे ते पैसे, कोणाच्या का खात्यातून येईनात," म्हणत ते चिडून उठले. दोन दिवसांनी स्वतः फोन केला, स्वतःच्या खात्यातून आरटीजीएस केलं आणि बॅग घेऊन गेले. उलट दुसऱ्या एका तरुणाने घासाघीस न करता मागितली ती किंमत मान्य केली होती. स्वतःच्या नावाचं खातं हवं म्हटल्यावर त्याचा फोन कायमचा बंद झाला. खऱ्या खरेदीदाराला अट जाचक वाटते, पण तो परत येतो.

भेटायची जागा बहिणीच्या बँकेची शाखा, वाशी सेक्टर १७. वस्तू तिची, म्हणून पैसे थेट तिच्याच खात्यात. माझ्या खात्यातून एक रुपया फिरवला नाही. मी ठाण्याहून ट्रान्सहार्बरने वाशीला जायचे, बॅग साध्या कापडी पिशवीत. ब्रँडचं नाव असलेली कडक कागदी पिशवी लोकलमध्ये मिरवत नेऊ नये. शाखेत कॅमेरे असतात, लोक असतात, आणि रक्कम जमा झाली का ते काउंटरवर विचारता येतं. युपीआयची रोजची साधारण मर्यादा १ लाख आहे, आरटीजीएस २ लाखांपासून पुढे, मधल्या रकमेला एनईएफटी किंवा आयएमपीएस. नवीन नाव जोडल्यावर काही बँका पहिले काही तास मोठी रक्कम जाऊ देत नाहीत, म्हणून खरेदीदाराला आदल्या दिवशीच खातं जोडून ठेवायला सांगायचं. रोखीचा आग्रह धरणारे भेटतात. एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला होतो, तोही तेवढ्याच रकमेइतका. शेवटी एका पानाचा विक्रीचा कागद, दोन प्रतींत: वस्तूचं वर्णन, क्रमांक, दोष, किंमत, यूटीआर नंबर (बँक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक), "पाहून, तपासून घेतली" ही ओळ आणि दोघांच्या सह्या. त्यासोबत खरेदीदाराच्या आधारची मास्क केलेली, म्हणजे काही आकडे झाकलेली प्रत.

कन्साइनमेंटबद्दल माझं मत मिश्र आहे, तरी एकूण चांगलं. घरी अनोळखी लोक येत नाहीत, खरेदीदाराशी बोलावं लागत नाही, खरेखोटेपणा तपासायचं काम त्यांच्याकडे जातं, आणि पैसे एका नोंदणीकृत व्यवसायाच्या खात्यातून येतात. काकांना झाला तसा त्रास होण्याची शक्यता यात खूप कमी. बदल्यात किमतीचा चौथा हिस्सा किंवा आसपास जातो, आणि खरेदीदाराची परतीची मुदत संपेपर्यंत पैसे मिळत नाहीत. एका ठिकाणी आम्हाला न विचारता बॅग सेलमध्ये लावली गेली. फॉर्मवर किमान किंमत लिहून घेतली होती, म्हणून फरक त्यांना भरून द्यावा लागला. फॉर्मवर या गोष्टी हव्यातच: क्रमांक आणि प्रत्येक ओरखड्याची नोंद, किमान किंमत, वस्तू त्यांच्या ताब्यात असताना हरवली किंवा खराब झाली तर भरपाई किती, पैसे किती दिवसांत, आणि न विकली गेल्यास परत पाठवायचा खर्च कोणाचा. "आमची पॉलिसी वेबसाइटवर आहे" हे उत्तर मान्य करू नये.

कुरिअरने पाठवायची वेळ बेंगळुरूच्या एका खरेदीदारामुळे आली. कुरिअरच्या पावतीमागचा बारीक मजकूर वाचला तर समजतं की किंमत जाहीर करून विमा घेतला नाही तर भरपाई अगदी नाममात्र असते. काउंटरवरच्या मुलाने "पन्नास हजारांवर आहे, ई-वे बिल लागेल" म्हणून पार्सल अडवलं. ई-वे बिल म्हणजे माल वाहून नेताना जीएसटीखाली लागणारा कागद. जीएसटीच्या नियम १३८ च्या परिशिष्टात वापरलेल्या वैयक्तिक आणि घरगुती वस्तूंना ई-वे बिलातून सूट आहे. तसं लिहिलेलं सहीचं पत्र आणि जुन्या बिलाची प्रत दिल्यावर त्याने वरिष्ठांना विचारून घेतलं. पॅकिंगचा व्हिडिओ एका सलग शॉटमध्ये काढला: आधी क्रमांक, मग वस्तू सगळ्या बाजूंनी, डबा बंद होताना, वजनकाट्यावर आणि शेवटी पत्त्याचं लेबल. हँडलला क्रमांक असलेला प्लास्टिकचा सिक्युरिटी टॅग लावला आणि टॅग तुटला तर परत घेणार नाही हे आधीच चॅटवर लिहून घेतलं. खरी ठेवून नकली परत पाठवायचा प्रकार यानेच थांबतो.

कराबद्दल आमच्या सीएंना विचारलं. स्वतःच्या वापरातली बॅग वैयक्तिक वापराची वस्तू धरली जाते, ती भांडवली मालमत्ता नाही, त्यामुळे विकल्यावर भांडवली नफ्याचा प्रश्न येत नाही. दागिन्यांना ही सवलत नाही, म्हणून सोन्याचं घड्याळ विकायचं असेल तर आधी विचारून घ्यावं.

फसवणूक झालीच तर क्षणाचा वेळ न घालवता १९३० वर फोन आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार. पैसे पुढच्या खात्यांत पांगायच्या आत अडवता येण्याची शक्यता तेवढ्याच वेळात असते. आणि आपल्याच खात्यावर लीन लागला तर बँकेकडून तक्रार क्रमांक आणि तपास अधिकाऱ्याचं नाव लेखी मागून घ्यावं, मग विक्रीचा कागद, ओळखपत्राची प्रत, चॅट आणि व्हिडिओ असं सगळं एकत्र त्या अधिकाऱ्याला आणि बँकेला पाठवावं.

राहिलं ते ओमेगा. स्टीलचं आहे, चालू आहे, पण वॉरंटी कार्ड मिळत नाही आणि घड्याळाच्या खरेदीदारांचा डबा आणि कागदांवर बॅगवाल्यांपेक्षाही जास्त कटाक्ष असतो. ते आधी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये देणार आहोत. तिथल्या पावतीवर सिरीयल नंबर येईल, पट्ट्याच्या काढलेल्या कड्या बहिणीच्या डब्यात आहेत त्याही सोबत देऊ, आणि मग ते कन्साइनमेंटलाच जाईल.