नववीला कॅथलिक बोर्ड : मिसिसागातला शालेय वर्षभराचा अनुभव

आम्ही कॅनडात, ऑन्टॅरिओ प्रांतातल्या मिसिसागात राहतो. आम्ही कॅथलिक नाही, तरी मुलगी सप्टेंबरपासून डफरिन-पील कॅथलिक बोर्डाच्या हायस्कूलमध्ये नववीत आहे. (इथे बोर्ड म्हणजे परीक्षा मंडळ नव्हे, त्या भागातल्या शाळा चालवणारी संस्था.) वर्ष संपत आलंय आणि शाळेवर आम्ही खूश आहोत. पण इथल्या मराठी घरांत "पब्लिक की कॅथलिक?" ही चर्चा निघाली की गणिताचे निकाल, युनिफॉर्म आणि शिस्त यांवरच संपते. हे बोर्ड मुळात आहे काय, हे कुणी सांगत नाही. ते कळलं की शाळेतल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

पहिली गोष्ट म्हणजे इथे फी नाही. आपल्याकडच्या कॉन्व्हेंटची सवय असलेल्यांना हे पटायला वेळ लागतो. ऑन्टॅरिओत इंग्रजी पब्लिक, इंग्रजी कॅथलिक, फ्रेंच पब्लिक आणि फ्रेंच कॅथलिक अशा चार व्यवस्था सरकारी पैशावर चालतात. कॅथलिक शाळांना 1863च्या कायद्याने बळ दिलं आणि 1867च्या राज्यघटनेतल्या कलम 93 ने तो हक्क पक्का केला. तेव्हाचा सौदा सरळ होता : ऑन्टॅरिओत कॅथलिक अल्पसंख्य, क्वीबेकमध्ये प्रोटेस्टंट, दोघांच्याही शाळांना संरक्षण. क्वीबेकने 1997 मध्ये घटनादुरुस्ती करून त्यातून अंग काढून घेतलं. ऑन्टॅरिओत तो अजून चालू आहे.

आमचं बोर्ड 1969चं. गावोगावची छोटी कॅथलिक बोर्डं एकत्र करून ते झालं. मिसिसागा, ब्रॅम्प्टन, कॅलिडन आणि वर ऑरेंजव्हिलपर्यंत त्याचा पसारा आहे. आताचं नाव 1998चं. त्याच सुमाराला शाळांसाठीचा कर ठरवण्याचा अधिकार बोर्डांकडून प्रांत सरकारकडे गेला.

आठवीपर्यंत प्रवेशाला मुलाचा किंवा पालकांपैकी एकाचा बाप्तिस्म्याचा दाखला लागतो. म्हणून वसईकडची आमची मित्रमंडळी मुलांना जेकेपासूनच (ज्युनियर किंडरगार्टन, म्हणजे बालवाडी) इथे घालू शकली, आम्ही नाही. नववीला मात्र दार सगळ्यांना उघडं. का, याची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पूर्वी सरकारी पैसा दहावीपर्यंतच पोचायचा, पुढच्या वर्गांना पालकांना फी भरावी लागे. 1928 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनेही (तेव्हाचं कॅनडाचं शेवटचं कोर्ट) कॅथलिकांचा दावा फेटाळला होता. 1971 मध्ये ऑन्टॅरिओचे प्रीमियर (इथे प्रांताच्या मुख्यमंत्र्याला 'प्रीमियर' म्हणतात) बिल डेव्हिस यांनी पुढच्या वर्गांना पैसा द्यायला नकार दिला, निवडणूकही जिंकली. मग 12 जून 1984ला ब्रॅम्प्टनच्या याच डेव्हिसनी विधानसभेत पूर्ण अनुदानाची घोषणा केली. 1986 मध्ये त्याचा कायदा झाला, 1987 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो वैध ठरवला. पैसा सगळ्यांचा, म्हणून हायस्कूलचा प्रवेशही सगळ्यांना. माझी मुलगी त्या वर्गात बसते ती या तरतुदीमुळे. शाळेने केलेले उपकार म्हणून नव्हे.

रोजचा दिवस स्पीकरवरच्या प्रार्थनेने आणि 'ओ कॅनडा' या राष्ट्रगीताने सुरू होतो. पोलो शर्ट-स्वेटरचा युनिफॉर्म, अधूनमधून सिव्हीज डे (युनिफॉर्मऐवजी साधे कपडे घालायचा दिवस). ॲश वेन्सडेला (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस) जिममध्ये प्रार्थनासभा, थँक्सगिव्हिंगच्या सुमारास गरजूंसाठी फूड ड्राइव्ह. रिलिजनचा तास हा वेळापत्रकातला खरा विषय असतो, गृहपाठ आणि गुणांसकट. कॅथलिक नसलेल्या पालकांनी लेखी अर्ज दिला तर त्यातून सूट मिळते. 2014 मध्ये याच बोर्डाविरुद्धच्या एका खटल्यात कोर्टाने ही सूट प्रार्थनासभा आणि रिट्रीट (चिंतनासाठीचं धार्मिक शिबिर) यांनाही लागू असल्याचं स्पष्ट केलं. आम्ही सूट घेतली नाही. लेकीला तासातल्या चर्चा आवडतात : क्षमा म्हणजे काय, गरिबांचं आपण काय देणं लागतो. घरी येऊन ती आजीशी यावर वाद घालते आणि मला त्याचं मनापासून समाधान वाटतं. अकरावीला जगातल्या धर्मांचा अभ्यास आहे, तोही तिला करायचा आहे.

आता जे पटत नाही ते. कॅथलिक बोर्डाच्या ट्रस्टींच्या (बोर्डाचा कारभार बघणारे निवडून आलेले सदस्य) निवडणुकीत आमच्यासारख्या घराला मत नाही. मूल तिथे शिकत असलं तरी आमचं मत पब्लिक बोर्डालाच. जून 2025 मध्ये प्रांत सरकारने आर्थिक कारणं देऊन बोर्डावर पर्यवेक्षक नेमला, तेव्हा ट्रस्टी म्हणजे कोण हे आमच्या ओळखीत बहुतेकांना पहिल्यांदा कळलं. आणि मोठा प्रश्न न्यायाचा आहे. ज्यू, शीख, मुस्लिम, हिंदू शाळांना हा पैसा नाही. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने घटनेचा आधार घेऊन हे मान्य केलं. 1999 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने त्याला भेदभाव म्हटलं. मलाही तो भेदभावच वाटतो. शाळा चांगली आहे म्हणून हे बोलायचं टाळणं मला योग्य वाटत नाही.

तुमचं मूल आठवीत असेल तर हिवाळ्यातल्या माहिती-संध्याकाळी दोन्हीकडच्या शाळांत जाऊन या, आणि मुलालाही न्या. चॅप्लिनशी (शाळेतलं धार्मिक काम बघणारी व्यक्ती) बोला, रिलिजनच्या तासाला काय शिकवतात ते विचारा. सूट हवी असेल तर वेळापत्रक ठरण्याआधीच अर्ज द्या, म्हणजे त्या तासाला दुसरा विषय घेता येतो का ते बघता येईल.