आठ भाग सलग, डावा कान वगळून

माझ्या डाव्या कानाने लहानपणीच राजीनामा दिला. उजवा कामावर येतो, पण मर्जीने. त्यामुळे मालिका मी बघते कमी आणि वाचते जास्त. पोटासाठी मुद्रितं तपासते, म्हणजे दिवसभर वाचायचं आणि रात्री पुन्हा वाचायचंच. रात्रीच्या वाचनात खून होतात एवढाच फरक. शनिवारी दुपारी लावलेला सीझन रविवारी उजाडता संपवणं हे माझं जुनं व्यसन, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

भाच्याने वाढदिवसाला एका स्ट्रीमिंग सेवेची तीन महिन्यांची वर्गणी दिली. सेवेचं नाव मुद्दाम घेत नाही. चित्र स्वच्छ आहे, यादी मोठी आहे, शोधलेलं सापडतं. त्याबद्दल लिहायला बाकीचे आहेत. मी पडद्याच्या तळाच्या दोन ओळींबद्दल बोलणार.

आधी कौतुक. इथे बहुतेक मालिकांना दोन प्रकारची सबटायटल्स मिळतात. साधी, म्हणजे पात्रं बोलली तेवढीच. आणि ऐकू कमी येणाऱ्यांसाठीची, ज्यात आवाजही लिहिलेले असतात. हा फरक धड ऐकू येणाऱ्यांना कळत नाही. एक बाई पलंगाखाली लपलेली, पडद्यावर पानही हलत नाही, आणि खाली कंसात उमटतं: ‘फरशी करकरते’. मी पाय वर घेतले! हे लिहिणारे कारागीर असतात. २०२२ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’च्या चौथ्या सीझनमध्ये राक्षसाच्या शुंडांची ‘ओलसर वळवळ’ अशी कंसात लिहून आली, तेव्हा ती वाचून चांगले कान असलेले लोकसुद्धा शहारले होते.

आता रड. मी बघत होते ती पोलिसी मालिका, आठ भागांची. दुसऱ्या भागात मुखवटा घातलेला माणूस अंधारात बोलतो. सबटायटलने वाक्याआधी त्याचं नाव छापून टाकलं. सहाव्या भागात सगळ्यांना बसायचा धक्का मला चार तास आधी बसला, आणि शेजारी बसलेल्या नवऱ्यापासून तो लपवायची जबाबदारीही माझ्यावर आली. नाव कळायच्या आधी तिथे ‘पुरुष’ एवढंच लिहायचं असतं. साधी गोष्ट आहे.

याहून वाईट ती ‘पुढचा भाग’ची चौकट. श्रेयनामावली सुरू झाली रे झाली की चित्र आक्रसून कोपऱ्यात जातं आणि सबटायटल गायब होतं. पण हल्ली शेवटचं वाक्य नामावलीवरच ठेवायची फॅशन आहे! फोन वाजतो, कोणीतरी काहीतरी सांगतं, नायिका कोसळते. काय सांगितलं? मला नाही कळलं. रिमोट घेऊन ‘नामावली पाहा’ दाबेपर्यंत पाच सेकंद संपतात आणि नवा भाग सुरू. आठ भागांत सात वेळा मागे गेले. सलग बघणाऱ्यांच्या सोयीसाठी केलेली युक्ती सलग बघणारीलाच आडवी आली.

डब केलेल्या मालिकांत आणखी गंमत. उजवा कान एक वाक्य ऐकतो, डोळे दुसरंच वाचतात. कारण डबिंगचा अनुवाद ओठांच्या हालचालीशी जुळवलेला असतो, सबटायटलचा अनुवाद वाचायच्या वेगाशी, आणि दोन्ही माणसं बहुधा एकमेकांना भेटलेलीच नसतात. मुद्रित तपासणारीसाठी ही शिक्षा आहे. मी हातात नसलेली लाल पेन्सिल शोधत बसते. उपाय एकच, मूळ भाषेचा आवाज लावायचा. भाषा येत नसली तरी चालते, तसंही मला कुठे ऐकू येतंय.

‘द वायर’ या अमेरिकी पोलिसी मालिकेचे साठही भाग मी डीव्हीडीवर पाहिले होते. बाल्टिमोरच्या गल्लीतली ती बोली चांगल्या कानांनाही अर्धीच कळते, त्यामुळे तेव्हा सगळे माझ्या बरोबरीला आले होते. तबकडी बदलायला उठावं लागे, पण शेवटचं अक्षर पुसायला कुठली चौकट यायची नाही.

आणि ही सबटायटल्स आपोआप मिळालेली नाहीत, हेही सांगते. अमेरिकेतल्या बधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने नेटफ्लिक्सवर खटला भरला, २०१२ मध्ये समेट झाला, आणि २०१४ पर्यंत तिथल्या सगळ्या चित्रपट-मालिकांना कॅप्शन, म्हणजे आवाजांसकटची सबटायटल्स, देण्याचं ठरलं. आज आठवीतला मुलगासुद्धा सबटायटल लावून बघतो, त्यामागे कोणाचे तरी वकील झिजले आहेत.

ग्राहक सेवेला मी त्या चौकटीबद्दल लिहिलं, वेळेच्या नोंदींसकट, कुठल्या भागात कितव्या मिनिटाला. उत्तर आलं की इंटरनेट तपासा. पुन्हा लिहिलं. तेव्हा एका बाईंनी नीट वाचून सांगितलं की पुढचा भाग आपोआप लागणं सेटिंगमध्ये बंद करता येतं. बंद केलं. चित्र आता आक्रसत नाही, शेवटचं वाक्य मिळतं. मात्र दर भागानंतर उठून विचार करावा लागतो की अजून एक बघायचा का. (बघायचाच असतो.)

पाचपैकी साडेतीन तारे. मुखवट्याचं नाव फोडलं नसतं तर चार दिले असते. वर्गणी वाढवली आहे, पण वर्षाची नाही, एकाच महिन्याची. यादीतल्या दोन मालिका राहिल्यात, आणि माझ्या वेगाने एवढा महिना पुरेल.